ओसरीवरची लॅम्ब्रेटा आणि आईची लूना

पंचवटीतल्या आमच्या घरी तुम्ही कधी आलात ना, तर दारातून आत पाऊल टाकताच तुमचा पदर अडकेल तो लॅम्ब्रेटाच्या हँडलात. आजवर आमच्याकडे आलेल्या बहुतेक बायकांचा अडकला आहे. माझा तर लग्न होऊन या घरात आले त्याच दिवशी, माप ओलांडून चार पावलं गेले नाही तोच अडकला होता. सासूबाई म्हणाल्या, “अगं, ती आधीची आहे. तिला सांभाळून जा.” सगळ्या हसल्या. मला मात्र त्या दिवसापासून ती स्कूटर सवतीसारखीच वाटत आली.

आमचं घर जुनं. पुढे ओसरी, मग माजघर, मागे स्वयंपाकघर. ओसरी चांगली लांबरुंद आहे, पण तिचा अर्धा भाग या बाईसाहेबांनी व्यापलेला. मामंजी, म्हणजे आमचे अण्णा, नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोकरीला होते. नोटा आणि टपालतिकिटं छापणारं हे आमचं नाशिक! इथे नुसतं ‘प्रेसमध्ये आहेत’ म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. पंचवटीहून नाशिकरोडला जाऊन येऊन रोजचे वीसएक किलोमीटर अण्णांनी त्या लॅम्ब्रेटावरून वर्षानुवर्षं केले. नंबर लावून, वाट बघून, १९७३ साली ती घरी आली. तिची पूजा झाली तेव्हा आळीतली माणसं पेढे खायला आली होती म्हणे. अण्णांना जाऊन आता चार वर्षं झाली. त्याच्याही आधी सहा-सात वर्षं गाडी बंदच होती. तिच्यावर एक जुनी सतरंजी घातलेली असायची. उन्हाळ्यात त्या सतरंजीवर मी कुरडयांची ताटं ठेवायची. तेवढाच तिचा उपयोग!

मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते. संध्याकाळी आठवी-नववीची आठ-दहा मुलं घरी शिकायला येतात. त्यांना बसायला जागा नाही. माजघरात बसवली तर सासूबाईंची मालिका, जपाची वेळ, धाकटीचा दंगा. म्हणून माझं ह्यांच्यामागे लागणं सुरू होतं, की ही ओसरी मला मोकळी करून द्या. एखादं बाक, फळा, डोक्यावर पंखा. फार काही मागत होते का हो मी?

अशात गेल्या दिवाळीच्या आधी एक गृहस्थ दारात उभे राहिले. पुण्याहून आले होते. कुणाकडून तरी त्यांना कळलं होतं. सतरंजी बाजूला करून त्यांनी गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या, वाकून वाकून नंबर पाहिले, खिशातून छोटा आरसा काढून खालून काहीबाही पाहिलं. एवढं निरखून तर मला बघायला आलेल्या मंडळींनीही पाहिलं नव्हतं! मग चहा घेता घेता म्हणाले, “साठ हजार देतो. आहे तशी, बंद अवस्थेत.”

मी दारामागे उभी होते. साठ हजार ऐकलं अन् माझ्या डोळ्यांपुढे फरशी, पंखा, बाकं सगळं उभं राहिलं. तर हे म्हणाले, “विकायची नाही.” बस्स, दोनच शब्द. त्या रात्री आम्ही दोघं एकमेकांशी बोललो नाही.

जाताना ते गृहस्थ मला म्हणाले होते, “वहिनी, जपा हिला. ही इटालियन आहे.” मला हसूच आलं. भांडुपच्या कारखान्यात तयार झालेली, नाशिकच्या धुळीत वाढलेली, ती कसली इटालियन! पण शब्द डोक्यात राहिला. आणि तुम्हाला खरं सांगते, विकायला ह्यांना भरीला पाडायचं तर वस्तूची माहिती असावी, या कावेबाज हेतूनेच मी वाचायला बसले. थोरला मुलगा चौदा वर्षांचा. त्याच्या खोलीच्या भिंतीवर लाल-चंदेरी मोटारसायकलींची चित्रं आहेतच. त्याने उत्साहाने मदत केली. वाचता वाचता माझा हेतू कुठच्या कुठे राहिला.

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा इटलीतले कारखाने बाँबहल्ल्यांनी मोडले होते. लोकांकडे पैसा नव्हता, रस्ते उखडलेले. विमानं बनवणाऱ्या पिआज्यो कंपनीला आता विमानं करून चालणार नव्हतं. तिने कोर्रादिनो दास्कानिओ नावाच्या इंजिनिअरला स्वस्तातली दुचाकी करायला सांगितलं. गंमत अशी, की हा माणूस विमानांचा आणि हेलिकॉप्टरचा, अन् मोटारसायकल त्याला मुळीच आवडत नसे. कपडे मळतात, चाक बदलणं जिकिरीचं, पाय टाकून चढणं अवघड. म्हणून त्याने मधला भाग मोकळा ठेवला, पुढे पत्रा लावला, इंजिन झाकून टाकलं, गिअर हातात दिला. १९४६ साली ‘व्हेस्पा’ आली. व्हेस्पा म्हणजे गांधीलमाशी. पुढच्याच वर्षी मिलानजवळच्या लॅम्ब्राते भागातल्या इनोचेंती यांच्या कारखान्यातून लॅम्ब्रेटा निघाली. हे इनोचेंती मूळचे लोखंडी नळ्यांचे व्यापारी. म्हणूनच लॅम्ब्रेटाचा सांगाडा नळीचा, आणि व्हेस्पाचा दाबून घडवलेल्या पत्र्याचा.

आता मैत्रिणींनो, जरा आठवून पाहा. साडी नेसून, एका बाजूला पाय सोडून, मांडीवर तान्हं, पुढे उभं थोरलं, पायाशी गव्हाची पिशवी. असा आपल्या आयांचा अख्खा संसार ज्या गाडीवरून गेला, ती मुळात एका मोटारसायकल न आवडणाऱ्या माणसाच्या डोक्यातून आली! आपल्याकडे मुंबईच्या एपीआय कंपनीने लॅम्ब्रेटा जुळवायला घेतली, पुण्याच्या बजाजने साठच्या दशकात व्हेस्पा. १९७१ साली तो करार संपला आणि मग ‘चेतक’ नाव आलं. इटलीत लॅम्ब्रेटा बंद पडली, तेव्हा तिची यंत्रसामग्री १९७२ साली आपल्या सरकारी कंपनीने विकत घेऊन लखनौला आणली. जी गाडी तिच्या माहेरी बंद झाली, ती सासरी पुढे कितीतरी वर्षं चालत राहिली. हे वाचलं त्या दिवशी मी पहिल्यांदा त्या सतरंजीवरची धूळ झटकली.

पण खऱ्या इटालियन मोटारसायकलींची ओळख मला झाली ती मिसळीमुळे. तुम्ही नाशिकला आलात तर रविवारी सकाळी मखमलाबाद रस्त्याकडे जरूर जा. शेतामळ्यांत मांडव घातलेले असतात, द्राक्षांच्या बागा शेजारी, आणि मिसळ खायला ही गर्दी! मुंबई-ठाण्याची हौशी मंडळी पहाटे निघतात, कसारा घाट चढतात, नाशकात न्याहारी करून परततात. त्यांच्या मोठमोठ्या मोटारसायकली ओळीने उभ्या. त्यातल्या एका लालभडक गाडीभोवती पोरांचा घोळका, आमचा थोरलाही त्यात. मी त्याला ओढायला गेले, तर गाडीच्या मालकाने हेल्मेट काढलं आणि मी बघतच राहिले. बाई! माझ्याच वयाची. केस चापून बांधलेले, कपाळावर टिकली. ठाण्याला बँकेत नोकरी करते म्हणाली. गाडी डुकाटी मॉन्स्टर.

“ही काही दुर्मीळ नाही हं,” तिने आधीच सांगून टाकलं. “शोरूममधून घेतलेली आहे. दुर्मीळ म्हणजे त्या जुन्या.” आणि मग आमच्या मिसळीचा रस्सा गार होईपर्यंत ती बोलत राहिली.

तिच्याकडून कळलेली एक गोष्ट मला फार आवडली, ती तुम्हालाही सांगते, कारण शिवणयंत्र चालवणारीला ती चटकन कळेल. कुठल्याही इंजिनात हवा आत घ्यायला आणि धूर बाहेर सोडायला छोट्या झडपा असतात. साधारण गाडीत झडप उघडायला यंत्र, पण मिटायला स्प्रिंग. आपल्या जाळीच्या दाराला असते ना, तशी. इंजिन फार वेगाने फिरलं की स्प्रिंग मागे पडते. डुकाटीच्या फाबिओ तालिओनी या इंजिनिअरने स्प्रिंगवर विसंबणं सोडलं. झडप ढकलायलाही दांडी आणि मिटायलाही दांडी. आपल्या शिवणयंत्राची सुई जशी यंत्रानेच खाली जाते अन् यंत्रानेच वर येते, तशी. युक्ती जुनीच होती, पण रोजच्या गाडीत टिकवली ती त्याने. मात्र त्याची जुळणी नाजूक, तपासणी वेळखाऊ आणि देखभाल महाग. “नवऱ्यापेक्षा हिचे नखरे जास्त,” ती म्हणाली, आणि शेजारी मिसळ खाणारा तिचा नवरा नुसता हसला.

ही डुकाटी कंपनीसुद्धा मुळात मोटारसायकलीची नव्हे. बोलोन्या गावात १९२६ साली तीन भावांनी रेडिओचे सुटे भाग करायला ती काढली. युद्धानंतर त्यांनी सायकलला जोडायचं एक चिमुकलं इंजिन बनवलं, नाव ‘कुच्चोलो’, म्हणजे कुत्र्याचं पिल्लू. पुढे १९७२ साली इमोला इथल्या दोनशे मैलांच्या शर्यतीत पॉल स्मार्ट नावाचा इंग्रज डुकाटीवरून पहिला आला आणि कंपनीचं नशीब पालटलं. त्या शर्यतीत उतरायला त्याच्या वतीने होकार दिला होता तो त्याच्या बायकोने, मॅगीने! हा तेव्हा अमेरिकेत शर्यतींत गुंतलेला. विचारणा आली, बाईने ‘हो’ म्हणून टाकलं, नवऱ्याला नंतर कळवलं. त्या विजयानंतर १९७४ साली तशाच घडणीच्या साडेसातशे सीसीच्या मोजक्या चारशेएक गाड्या लोकांसाठी निघाल्या. त्यांतली एखादी आज लिलावात आली तर बोली एक लाख डॉलरच्या वर जाते. रुपये करून पाहा, आमची अख्खी आळी विकत येईल.

एवढी किंमत का? हा प्रश्न मला नाशिककर म्हणून पडायलाच हवा. ज्या गावात कागदावर शाई उठते आणि त्याची नोट होते, तिथे राहून वस्तूची किंमत कशात असते हे कळू नये? अण्णा नेहमी एका तिकिटाची गोष्ट सांगत. १९४८ साली गांधीजींची चार तिकिटं निघाली. ती आमच्या प्रेसमध्ये नव्हे, स्वित्झर्लंडला छापली होती, याची अण्णांना कायम रुखरुख. त्यांतल्या दहा रुपयांच्या काही थोड्या तिकिटांवर सरकारी वापरासाठी ‘सर्व्हिस’ असा शिक्का छापला. शिक्क्याची किंमत काय? शाईचा एक ठसा. पण तशी तिकिटं इतकी कमी, की २०१७ साली अशा चार तिकिटांची एक पट्टी पाच लाख पौंडांना विकली गेली. बातमी आली तेव्हा अण्णा होते. त्यांनी ती मला दोनदा वाचून दाखवली आणि म्हणाले, “बघ सूनबाई, छापणाऱ्याला पगारच मिळतो.”

मोटारसायकलींचंही तसंच. फार झाल्या नाहीत, म्हणून मोलाच्या. आणि फार का झाल्या नाहीत, तर बनवणाऱ्याला परवडत नव्हतं म्हणून. मला हे मोठं विचित्र वाटतं. लावेर्दा घ्या. हे ब्रेगांत्से गावचं घराणं शेतीची अवजारं करणारं, गाव द्राक्षांचं आणि वाइनचं. आमचं नाशिकच जणू! त्या घराण्यातल्या एकाने १९४९ साली मोटारसायकल काढली. पुढे शर्यतीसाठी त्यांनी नारिंगी रंगाची साडेसातशेची ‘एसएफसी’ केली, सगळ्या मिळून साडेपाचशेच्या आसपास. आज जमा करणारे तिच्यासाठी जीव टाकतात, पण लावेर्दाचा मोटारसायकलीचा कारखाना राहिला नाही. मोटो गुझ्झी कोमो सरोवराकाठच्या गावात १९२१ साली सुरू झाली. युद्धात विमानदलात असलेल्या तिघा मित्रांनी मिळून धंदा काढायचं ठरवलं होतं. त्यातला एक विमान अपघातात गेला, म्हणून उरलेल्या दोघांनी त्याची आठवण म्हणून गाडीवर गरुड कोरला. तो अजून आहे. मालकी मात्र आता पिआज्योकडे. डुकाटी २०१२ पासून जर्मन ऑडीच्या हाती. बिमोटावाले तर मूळचे घरं उबदार ठेवायची यंत्रणा बसवणारे!

माझ्या मनात घर केलं ते दोन बायकांनी. मोटारसायकलींच्या पुस्तकांत त्यांचं नाव एका ओळीत येतं नि जातं. पहिली तेरेसा बेनेली. पेझारो गावची विधवा. सहा मुलगे पदरात. १९११ साली तिने घरातली पुंजी घालून मुलांना दुरुस्तीचं दुकान काढून दिलं, का, तर मुलं कामाला लागावीत, एकत्र राहावीत. सायकली नि मोटारसायकली दुरुस्त करता करता मुलांनी स्वतःचं इंजिन बनवलं. धाकटा तोनिनो शर्यतीत नाव मिळवून गेला आणि १९३७ साली रस्त्यावरच्या अपघातात वारला. युद्धात कारखाना उद्ध्वस्त झाला, भावांनी पुन्हा उभा केला. ‘बेनेली’ हे नाव आपल्याकडच्या रस्त्यांवरही दिसतं. २००५ पासून कंपनी चिनी मालकीची आहे. टाकीवरचं नाव वाचताना मला त्या बाईची पुंजी आठवते. मंगळसूत्र गहाण टाकून मुलाला दुकान घालून देणाऱ्या कितीतरी जणी आपण पाहिल्यात, नाही का?

दुसरी जुझेप्पीना अगुस्ता. नवरा जोव्हान्नी विमानं बनवायचा. तो १९२७ साली गेला. बाईंनी मोठ्या मुलाला, दोमेनिकोला, हाताशी धरून कारखाना सांभाळला. युद्धानंतर इटलीला विमानं बनवायला मनाई झाली, तेव्हा कामगारांना काम हवं म्हणून त्यांनी मोटारसायकली सुरू केल्या. त्याच पुढे ‘एमव्ही अगुस्ता’. जाकोमो अगोस्तीनी या खेळाडूने पंधरा विश्वविजेतेपदं मिळवली, त्यातली बहुतेक याच गाडीवर. दोमेनिको गेल्यावर मात्र ते वैभव ओसरलं, आणि १९८० च्या सुमारास त्या पहिल्या कारखान्याच्या मोटारसायकली थांबल्या. नाव पुन्हा उभं राहिलं ते नव्वदच्या दशकात, दुसऱ्या मालकांच्या हाती. २०१६ च्या सुमारास या गाड्या आपल्याकडे आणल्या होत्या त्या कायनेटिकच्या फिरोदियांनी. म्हणजे मूळच्या आपल्या अहिल्यानगरच्या, तेव्हाच्या अहमदनगरच्या घराण्याने.

कायनेटिक हे नाव वाचलं आणि मी थबकले. पुढचं पान उलटलं तर तिथे आमची लूना!

मैत्रिणींनो, लूना कुणाला आठवत नाही? १९७२ साली नगरला ती निघाली. पण ती बेतली होती पिआज्योच्या ‘चाव’ नावाच्या इटालियन मोपेडवर, हे मला आजवर ठाऊक नव्हतं. माझी आई सिन्नरजवळच्या एका खेड्यात शिक्षिका होती. एस.टी. वेळेवर यायची नाही, म्हणून तिने पतपेढीचं कर्ज काढून लूना घेतली. त्या खेड्यात गाडी चालवणारी ती पहिली बाई. चढ आला की पॅडल मारायची, पदर कमरेला खोचायची, पिशवीत वह्यांचे गठ्ठे. मी मागे कॅरिअरवर तिला घट्ट धरून बसलेली. पावसात तिच्या पाठीला गाल लावला की पेट्रोलचा आणि ओल्या साडीचा मिळून एक वास यायचा. तो वास अजूनही नाकात आहे.

ती लूना आम्ही भंगारवाल्याला दिली. माझं लग्न ठरलं होतं, अंगण रिकामं हवं होतं, मांडव घालायचा होता. आई म्हणाली, “राहू दे कोपऱ्यात.” मीच म्हटलं, “कशाला तो सांगाडा?” साडेतीनशे रुपये आले. आईने ते माझ्या ओटीत घातले.

त्या रात्री मी ह्यांना म्हटलं, “नका विकू.” हे काही बोलले नाहीत. सकाळी उठले तर सतरंजीची घडी घालून ठेवलेली, आणि हे स्कूटरच्या पत्र्याचे स्क्रू सोडवत बसलेले.

मग आमच्या फेऱ्या सुरू झाल्या. द्वारकेपाशी एक वयस्कर मिस्त्री आहेत, पूर्वी लॅम्ब्रेटाच करत. त्यांनी इंजिनावर हात ठेवला नि म्हणाले, “जाम नाही, झोपलीये.” कार्ब्युरेटर स्वच्छ झाला, टाकीतलं जुनं पेट्रोल काढलं (काकवीसारखं झालं होतं!), रबरं बदलली. प्रश्न होता उजव्या बाजूच्या पत्र्याला पडलेल्या मोठ्या पोचेचा. रंगवाला म्हणाला, लांबी भरून गुळगुळीत करून देतो. मिस्त्रीबाबांनी मान हलवली. “लांबी भरली की गाडीची किंमत गेली. पत्रा उठवणारा हात शोधा.”

हात शोधायला आमच्या नाशिकात लांब जावं लागत नाही. भांडी बाजारातून तांबट लेनकडे वळलं की कानावर ठोके येतात. पूर्वीइतके नाहीत, आता दुकानांत स्टील जास्त. तरी घंगाळं, कळशा, देवळाचे कळस घडवणारे हात अजून आहेत. एका म्हाताऱ्या तांबटकाकांपुढे मी तो पत्रा ठेवला. त्यांनी आधी नकोच म्हटलं. “लोखंड तांब्यासारखं ऐकत नाही, बाई. जास्त ठोकलं की ताणतं, फुगतं.” मी त्यांना सांगितलं की इटलीत शर्यतीच्या गाड्यांचे ॲल्युमिनिअमचे पत्रे असेच हाताने ठोकून घडवत. ते म्हणाले, “मग आणखी कसे घडवणार?” आणि लाकडी हातोडा घेतला. दोन दुपारी त्यांनी तो पत्रा मांडीशी धरून हलक्या हाताने ठोकला. पोच पूर्ण गेली नाही. बोट फिरवलं तर लागते. पण मूळचा रंग जिथे शाबूत होता तिथे तो तसाच राहिला. मजुरी सांगायला तयार नव्हते, शेवटी तीनशे घेतले. साडेतीनशेला लूना गेली होती, हे मला तेव्हा आठवलंच.

तुमच्याही घरी अशी एखादी जुनी गाडी असेल, तर माझ्या अनुभवातून चार गोष्टी सांगून ठेवते. कुणी पहिली किंमत सांगितली की लगेच हो म्हणू नका, आणि भंगारवाल्याला तर बोलावूच नका. रंग मारून चकचकीत करायची घाई करू नका, जमा करणाऱ्यांना मूळचाच रंग हवा असतो, पोपडे निघालेला असला तरी. इंजिनावरचा आणि सांगाड्यावरचा नंबर आर.सी. पुस्तकाशी जुळतो का ते पाहा. पुस्तक हरवलं असेल तर ट्रंका उपसा. आमचं सासूबाईंच्या शालूच्या घडीत सापडलं! टाकी रिकामी करून ठेवा, ओल लागू देऊ नका. पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांसाठी २०२१ साली नवे नियम झाले आहेत. अशा गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा खास नंबर मिळू शकतो. नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये आहे, आणि मग ती गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही. आम्ही अजून ते केलेलं नाही. वीस हजार म्हणजे माझी फरशी.

पाडव्याच्या आदल्या रविवारी ती सुरू झाली. एकविसाव्या किकला. (मुलगा मोजत होता.) पांढऱ्या धुराने ओसरी भरून गेली, शेजारची माणसं बाहेर आली. सासूबाई जपाची माळ हातात घेऊन दारात उभ्या राहिल्या. त्या काही बोलल्या नाहीत. धूर निवळल्यावर आत गेल्या आणि हळदकुंकू घेऊन आल्या.

आम्ही दोघं गेलो सोमेश्वरपर्यंत, गंगापूर रस्त्याने. सिंहस्थासाठी शहरात जागोजागी खोदकाम चाललेलं, खड्डे चुकवत चुकवत. मी एका बाजूला पाय सोडून बसले, तशी सवय मोडली होती. चौकात आमच्या शेजारी एक जण नवी कोरी मोठी मोटारसायकल घेऊन थांबला होता. त्याने काच वर करून ह्यांना विचारलं, “काका, कोणतं साल?” ह्यांनी सांगितलं, तसा त्याने दिवा हिरवा झाल्यावरही आम्हाला आधी जाऊ दिलं.

ओसरीचं म्हणाल तर अर्धीच आहे. पंखा लागला, फळा आला, बाक एकच मावलं. लॅम्ब्रेटाच्या मागच्या सीटवर बसायला मुलांमध्ये नंबर लागतात. ज्याचा गृहपाठ पूर्ण, त्याला ती जागा. गृहपाठ कधी नव्हे ते पूर्ण होऊ लागलेत.

परवा त्या पुण्याच्या गृहस्थांचा पुन्हा फोन आला. गाडी सुरू झाल्याचं त्यांना कळलं होतं, आता नव्वद हजार म्हणत होते. ह्यांनी फोन माझ्या हातात दिला, “तूच काय ते सांग.” मी त्यांना म्हटलं, “स्कूटरचं राहू द्या हो. तुमच्या पाहण्यात कुठे जुनी लूना आहे का? चालू नसली तरी चालेल.”